मावशीची वाव

माझी मोठी मावशी दोर विकते. नदीच्या धक्क्यावरून वर येणारी चढण जिथे बाजाराच्या रस्त्याला मिळते, त्या कोपऱ्यावर तिचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की आधी वास येतो, तागाचा कोरडा, काथ्याचा खारट आणि नायलॉनचा, ज्याला मावशी 'औषधाचा वास' म्हणते. भिंतींना खुंट्या, खुंट्यांवर दोरांची वेटोळी, आणि मधे बरीचशी मोकळी जागा. एवढ्याशा दुकानात इतकी जागा रिकामी कशाला, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटतं. त्या जागेत उभी राहून मावशी दोर मोजते.

तिची मोजायची रीत अशी: दोराचं टोक डाव्या चिमटीत धरायचं, दोन्ही हात आडवे पसरायचे, आणि उजवा हात जाईल तिथवर दोर ओढायचा. झाली एक वाव. पूर्वी विहिरीचं पाणी, नदीचा तळ, होडीचा दोर, सगळं वावेतच सांगत. चार हातांची एक वाव, दोन वितींचा एक हात, तीन मुठींची वीत आणि चार बोटांची मूठ, हा हिशेब मावशीला पाढ्यांच्या आधी आला. पण माणसागणिक वाव वेगळी, म्हणून धक्क्यावरचे लोक नुसतं 'दहा वाव' म्हणत नाहीत. 'मावशीच्या दहा वाव' म्हणतात.

दुकान मूळचं माझ्या आजोबांचं. त्यांना दोन्ही मुलीच. धाकटी, म्हणजे माझी आई, दोराला हात लावला की शिंकायची. थोरलीला त्यांनी सात वर्षांची असताना मोकळ्या जागेत उभं केलं आणि म्हणाले, "पसर हात. तुझ्या तीन म्हणजे माझ्या दोन." पुढच्या वर्षी तो हिशेब बदलला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. इतर घरांत मुलांची उंची दाराच्या चौकटीवर रेघ मारून ठेवतात. आमच्या मावशीचं वाढणं असं त्रैराशिकात झालं. मधे एक वर्ष ती इतकी झपाट्याने वाढली की आजोबांनी तिला सहा महिने मोजायला बंदी घातली होती. म्हणाले, "आधी स्वतः एका जागी ठर, मग दोर मोज."

ती ठरली तेव्हा चांगली उंच झाली होती. हात लांब, बोटं लांब, पाठ ताठ. तिच्या लग्नाच्या वेळी नवऱ्याकडची कुणी बाई हळूच म्हणाली होती, "मुलगी जरा लांबलचक आहे." आजोबांनी उत्तर दिलं, "वाव मोठी आहे तिची. तुमचंच घर भरेल." लग्न झालं, पण तिने दुकान सोडलं नाही, काकाच इकडे राहायला आले. ते बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीवर होते. रस्त्यांवरचे मैलांचे दगड काढून किलोमीटरचे बसवले, तेव्हा काकांना लोकांची बोलणी खावी लागली, कारण सगळ्यांची गावं रातोरात लांब गेली. त्यांत मावशीही होती. माझ्या आईचं घर पाच मैलांवर होतं तोवर ती दर आठवड्याला यायची. दगडावर आठचा आकडा दिसल्यावर म्हणाली, "आठ म्हणजे फार होतात गं. दमायला होतं." काका तिला समजावून थकले. शेवटी त्यांनी तिला तिकीट देताना "पाच" म्हणायला सुरुवात केली. ती परत दर आठवड्याला येऊ लागली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा मालवाहू गाडीवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. दुकानात असतात मावशी आणि तिची सून, आमची वहिनी.

वहिनी शिंप्याच्या घरातली. अंगाने बुटकी, चालायला झपाझप. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने माहेरून एक लाकडी मीटरपट्टी आणली आणि विचारलं, "आई, ही गल्ल्याशेजारी ठोकू का?"

"कशाला?"

"गिऱ्हाइकं मीटरमधे मागतात."

"मागू देत. आपण समजून घेतो ना? परगावचा माणूस येतो, त्याची भाषा आपण शिकतो का? अंदाजाने कळते."

आणि ते खरं होतं. रंगारी फुटात मागायचा, म्हातारा माळी हातात, नवीन घरांतले लोक मीटरमधे, आणि कपडे वाळत घालायला दोरी हवी असलेल्या बायका 'या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत' असं मागायच्या. मावशी सगळ्यांचं ऐकायची, क्षणभर छताकडे बघायची आणि वावेत उतरवायची. "तुमची ती शिंप्यावरची गच्ची ना? मग साडेपाच वाव न्या. पाच नेल्यात तर उड्या मारत कपडे घालाल." वहिनीची मीटरपट्टी दाराआड गेली आणि वरच्या खुंटीवरची वेटोळी खाली ओढण्याच्या कामी आली.

"कापड निजून मोजून घेतं," मावशी वहिनीला म्हणायची, "दोर अंगावर येतो. त्याला मिठी मारल्याशिवाय तो खरं सांगत नाही."

वहिनी हातातलं वेटोळं बांधत राहायची. कामाची वाटणीही आपोआप झाली. मावशी पुढे मोजायची, दोर सरकत मागे जायचा, आणि मागच्या ठोकळ्यावर वहिनी तो कापून, टोकं बांधून, वेटोळं करून द्यायची.

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला तिथे होते. वहिनी दोन दिवस माहेरी गेली होती. तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. नेमका तेव्हाच तराफेवाला आला. नदीवर पूल आहे, पण तो दूर. इकडच्या काठावरून पलीकडच्या मळ्यांत जायला लोक त्याचा तराफा वापरतात. दोन्ही काठांवर एकेक लोखंडी खांब, मधे ताणलेला जाड दोर, तराफ्यावर एक कप्पी. दोर ओढत ओढत तराफा पलीकडे जातो. तो दोर चारपाच वर्षांनी बदलावा लागतो, आणि आजोबांच्या वेळेपासून आमच्याच दुकानातून जातो.

"सत्तर," तराफेवाला म्हणाला. "नेहमीसारखा."

"बांधायला धरून ना?"

"धरूनच सत्तर. तुमच्याच तोंडचा आकडा आहे, मावशी. मला काय कळतं."

मावशीने सत्तर वाव मोजल्या. मधे दोनदा थांबली, पाणी प्यायली. मागे ठोकळ्यावर शेजारचा न्हावी मदतीला बसला होता. त्याने तिने सांगितलं तिथे इमानदारीत दोर कापला. तराफेवाल्याने माणसं आणून दोर नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. वहिनी सकाळीच माहेराहून आली होती आणि मागे सुतळीची गुंडाळी सोडवत होती. तराफेवाला उंबऱ्यावरच बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "मावशी, एक विचारू? नदी रुंद झाली की तुमचा दोर आटला?"

"काय झालं?"

"पलीकडच्या खांबाला पोचत नाही. बांधायचं राहू द्या, टेकतही नाही. मी हातात टोक धरून पाण्यात उभा, आणि खांब माझ्याकडे बघतोय."

"दोर भिजला असेल. तागाचा आहे, ओला झाला की आखडतो."

"आखडून आखडून किती आखडेल? तीन माणसं आडवी झोपतील एवढी तूट आहे."

मावशी उठली. "तो दोर आण इथे," ती म्हणाली. "तुझ्यासमोर मोजते."

दोर आणायला तासभर गेला. चढणीवरून चार माणसं ते वेटोळं घेऊन आली, त्यांच्यामागे काही रिकामटेकडे, न्हावीही हातातला वस्तरा ठेवून आला. मावशीने मोकळ्या जागेत उभं राहून मोजायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत होती, एकेक आकडा सुटा करून. साठच्या पुढे तिचा आवाज बारीक झाला, पण हात चालत राहिले. दोराचं टोक तिच्या उजव्या चिमटीत आलं तेव्हा ती म्हणाली, "सत्तर."

बरोबर सत्तर. बोटभर कमी नाही की जास्त नाही.

तराफेवाल्याने डोकं खाजवलं. "मग नदीच खोटं बोलतेय," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. मग त्याने दोर उचलून स्वतःच्या हाताने मोजून पाहिला. तो ताडमाड, त्याच्या त्रेसष्टातच दोर संपला. त्याने कुणाचंच काही सिद्ध झालं नाही.

"मावशी, मला भांडायचं नाही," तो शेवटी म्हणाला. "पण तराफा बंद आहे. मळ्यातली माणसं पुलावरून फेरा मारतायत. परवापर्यंत दोर लागला नाही तर मला बसस्थानकामागच्या मोठ्या दुकानातून आणावा लागेल. ते यंत्रावर मोजून देतात. मीटरमधे."

"आणि एकदा तू तिकडे गेलास की धक्काही तुझ्यामागून जाईल," मावशी म्हणाली.

  त्या दुकानात दोर स्वस्त होता, रंगीत होता, मोठ्या दुकानाचा होता. लोक तरी कोपऱ्यावर यायचे ते केवळ मावशीची वाव खरी म्हणून. ती खरी राहिली नाही, तर दुकानात उरत होत्या त्या खुंट्या.

माणसं गेल्यावर मावशीने भर दुपारी अर्धं दार ओढून घेतलं. "काय चुकतंय?" ती स्वतःशीच म्हणाली. "दोन वेळा मोजला. दोन्ही वेळा तेवढाच."

मागच्या ठोकळ्याजवळून वहिनी म्हणाली, "आई, तुम्ही शंभर वेळा मोजलात तरी तेवढाच येईल."

"म्हणजे?"

वहिनीने हातातली सुतळी खाली ठेवली. "तुमचा डावा हात पूर्वीसारखा जात नाही. खांदा धरलाय तेव्हापासून."

"कुणी सांगितलं माझा खांदा धरलाय?"

"कुणी कशाला सांगायला हवं. तुम्ही वरच्या खुंटीवरचं काही काढत नाही. दार उजव्या हाताने लावता. कूस बदलताना जाग्या होता."

मावशी स्टुलावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "जरा दुखतो. पण जरा दुखण्याने सत्तर वावेला एवढी तूट? मग इतके दिवस बाकीच्यांना दोर कसा पुरला? कुणी तोंड उघडलं नाही ते."

वहिनीने सुतळी पुन्हा हातात घेतली. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग वहिनी म्हणाली, "मागे कापताना मी प्रत्येक वावेला चार बोटं जादा सोडते."

 बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

"चार," मावशी म्हणाली.

"आधी दोन सोडायचे. या थंडीपासून चार."

"आणि काल तू नव्हतीस."

"काल मी नव्हते."

मावशीचे ओठ हलत होते. सत्तर चोक दोनशेऐंशी बोटं; त्याचे हात, हातांच्या वाव. "जवळजवळ तीन वाव," ती म्हणाली. तेवढाच दोर नदीला कमी पडला होता. हिशेब तंतोतंत लागला, आणि तिचा चेहरा उतरला. हिशेब लागल्यावर तिचा चेहरा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"चोरून माझं माप भरत होतीस," ती म्हणाली.

"चोर कमी देतो, आई. मी जास्त दिलं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही हात आणखी ताणला असता. रात्रभर कण्हला असता."

मावशीचा हात नकळत आपल्या अंबाड्याकडे गेला. तो गेले वर्षभर वहिनीच बांधून देत होती. रोज सकाळी म्हणायची, 'आई, बसा, मला तुमचे केस विंचरायला आवडतात.' "आणि हे पण?" मावशीने विचारलं.

"नाही. केस मला खरंच आवडतात."

मावशी हसली नाही. उठून वर गेली. त्या दिवशी ती चहालाही खाली आली नाही. वहिनी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली, आणि तिसऱ्यांदा कप घेऊन वर गेली तेव्हा मावशी खिडकीत बसून डावा हात हळूहळू उचलून बघत होती. कुठवर जातो ते. कप घेत ती म्हणाली, "तू हात पसर बघू."

वहिनीने पसरले.

"एवढेच?"

"एवढेच. देवाने कापड कमी घेतलं."

"एवढेच असू देत. पण रोज तेवढेच आहेत ना?" मावशीने चहाचा घोट घेतला. "उद्या नदीवर जायचंय. तू आणि मी."

अडचण अशी होती की आकडा होता, माप नव्हतं. 'सत्तर वाव' म्हणजे मावशीच्या धडधाकट खांद्याच्या सत्तर वाव, आणि ती वाव आता जगात कुठेच उरली नव्हती. जुने दोर ताणून ताणून लांबलेले. आजोबांची वाव आजोबांबरोबर गेलेली. पण खांब लोखंडाचे होते, आणि ते हलले नव्हते.

सकाळी ऊन चढायच्या आत तराफेवाल्याने लहान होडी काढली. वहिनी पहिल्यांदाच होडीत बसत होती, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. "वहिनी, होडी पळून जात नाही," तराफेवाला म्हणाला. "ती नाही, मी जाईन," वहिनी म्हणाली. नायलॉनच्या दोरीचं एक टोक इकडच्या खांबाला बांधून मावशी तिथेच उभी राहिली, दोरी तळहातातून हळूहळू सोडत. नायलॉन तिनेच निवडलं होतं. "वास काही का असेना, भिजून आखडत नाही." पलीकडे वहिनीने दोरी ताणून खांबाला वेढे दिले, नेहमीची गाठ मारली, गाठीपाशी लाल चिंधी बांधली आणि सोडून परत आणली.

धक्क्यावरच्या फरशीवर तिने ती मोजली. बुटकी वहिनी, हात पसरून, मोठ्याने आकडे म्हणत. बघणारे बरेच जमले होते. सत्तर झाल्या, दोरी संपेना. शहात्तर. सत्त्याहत्तराव्या वावेला लाल चिंधी तिच्या उजव्या चिमटीत आली.

मावशीने छताकडे बघावं तसं आभाळाकडे पाहिलं. "सत्तराला सत्त्याहत्तर," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या दहा त्या तुझ्या अकरा."

"एवढं सरळ?" वहिनी म्हणाली.

"सरळच असतं. माणसं वाकडी असतात."

तराफेवाल्याला पटत नव्हतं. "मावशी, तुमच्या वावेचं ठीक होतं. या तर मुठीएवढ्या."

"मुठीएवढी आहे आणि तेवढीच राहणार आहे," मावशी म्हणाली. "अजून तीस वर्षं तरी. तुला नदी मोजायची आहे की माझी सून?"

नवा दोर त्याच दुपारी निघाला. मोकळ्या जागेत वहिनी उभी, आणि मागे ठोकळ्यावर कोयता घेऊन मावशी. तिने एक बोटही जादा सोडलं नाही. संध्याकाळी तराफेवाल्याचा निरोप आला की दोर खांबाला बसला, गाठही पोटभर आली. तोकडा पडलेला दोर होडीवाल्यांनी तुकडे करून नेला.

पुढचे काही दिवस मात्र वाईट गेले. वहिनी पुढे मोजायची आणि जुन्या गिऱ्हाइकाला 'मावशीच्या दहा' हव्या असल्या तर न चुकता अकरा द्यायची. मीटरवाल्यांसाठी तिने दाराआडची पट्टी काढून आपली वाव ताडून पाहिली: तिच्या दोन वाव म्हणजे तंतोतंत तीन मीटर. ती हरखली, पण मावशीसमोर फार बोलली नाही. मावशी मागे बसून दोरांची टोकं बांधायची. टोकं बांधण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण ती दर थोड्या वेळाने मान वर करून मोकळ्या जागेकडे बघायची. एकदा मला म्हणाली, "बसून दुकान फार लहान दिसतं गं."

मग एका दुपारी वहिनी वर स्वयंपाकात असताना एक तरुण जोडपं आलं. त्यांना काथ्याची दोरी हवी होती, सहा मीटर.

मावशीने वर हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून मोकळ्या जागेत आली. वाव तर होणार नव्हती. डावा हात तिने कोपरात दुमडला, दोरीचं टोक चिमटीत धरून डाव्या खांद्यावर टेकवलं आणि उजवा हात पूर्ण पसरला. त्या खांद्यापासून त्या हातापर्यंतच्या दोरीकडे, मग वहिनीच्या मीटरपट्टीकडे, बराच वेळ बघत राहिली, जणू समोर कुणीतरी अनोळखी येऊन उभं आहे. मग तसंच सहा वेळा केलं. डावा खांदा जागचा हलला नाही. तो हलतच नव्हता.

वहिनी पदराला हात पुसत खाली आली तेव्हा दोरी गल्ल्यावर होती. "सहा मीटर," मावशी म्हणाली. "बघ तुझ्या किती भरतात."

वहिनीने दोरी उचलली, हात पसरले. एक, दोन, तीन, चार. चौथ्या वावेला दोरी संपली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. वहिनीने दोरी पुन्हा मोजली, आणि मग सासूकडे पाहिलं.

"कसं केलंत?"

"दुखरा खांदा खुंटी म्हणून धरला," मावशी म्हणाली. "हलणार नाही म्हणतोय ना, मग राहू दे तिथेच उभा."

जोडप्यातल्या मुलाला काही कळलं नव्हतं. त्याने विचारलं, "म्हणजे बरोबर आहे ना?"

"मीटर हवं असेल तर माझ्याकडे यायचं," मावशीने त्याला सांगितलं. "वाव हवी असेल तर हिच्याकडे."

वहिनी दोरी गुंडाळायला मागे वळली. पण मावशीने ती तिच्या हातातून काढून घेतली, आपणच गुंडाळली, आणि विचारलं, "आणखी काही मोजायचंय का?"